वायरिंगचं काम झाल्यापासून जुना ट्रक सुरूच होत नाही (२४ व्होल्ट, डिझेल)

रानवाट
जुना सहा सिलिंडरचा डिझेल ट्रक आहे. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट. डिझेल पंप यांत्रिक, गाडीत कुठेही संगणक नाही. पंपावर एक सॉलिनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी खटका) आहे, त्याला एकच वायर जाते. वीज आली की डिझेल सुटतं, वीज गेली की इंजिन बंद.

झालेलं काम असं: डॅशबोर्डामागचं जळकं वायरिंग काढून नवं टाकलं. इग्निशन स्विच नवा. बॅटरीच्या दोन्ही केबल नव्या. चेसिसला रंग दिला, त्याच वेळी चेसिस ते इंजिन ही अर्थची (वीज बॅटरीकडे परत नेणारी) पट्टी काढून परत बसवली. डॅशबोर्डाचे बल्ब काढून एलईडी घातले. रेडिओसाठी एका बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर ओढली.

आता किल्ली फिरवली की सेल्फमधून (इंजिन फिरवणाऱ्या मोटरमधून) कट-कट-कट असा आवाज येतो, इंजिन हलत नाही. बॅटऱ्या रात्रभर चार्ज केल्या, तरी तेच. सेल्फ खोलायला काढावा का?

मेनस्विच
बॅटऱ्या संपल्यात. कट-कट म्हणजे बॅटरीच. दोन्ही बदला.

पाना_बारा_तेरा
थांबा. बॅटरीही बदलू नका आणि सेल्फही उतरवू नका. कट-कट आवाजाची निदान तीन कारणं असतात आणि ती वेगळी ओळखायला दोन मिनिटं पुरतात.

आधी आवाज का होतो ते पाहा. सेल्फवरच्या सॉलिनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. किल्ली फिरवली की दोन्ही मिळून दांडा ओढतात, तांब्याची जाड चकती दोन स्टडवर (केबल लावायच्या आट्यांच्या खुंट्यांवर) बसते आणि मोटरला मुख्य करंट मिळतो. त्या क्षणी ओढणारी गुंडाळी आपोआप निकामी होते, कारण तिच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं. पुढचं सगळं धरून ठेवणारीच्या जिवावर. आता मोटरने करंट मागताच व्होल्टेज कोसळलं तर धरून ठेवणारी सोडून देते, चकती सुटते, करंट थांबतो, व्होल्टेज परत वर येतं, परत ओढते. हेच चक्र म्हणजे कट-कट-कट.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की व्होल्टेज कोसळतं कुठे. बॅटरीत, केबलमध्ये, की अर्थमध्ये?

हेडलाइट लावा आणि एका माणसाला समोर उभं करून किल्ली फिरवा. कट-कट होताना दिवे पार मंद होऊन फडफडले, तर बॅटरी दमलेली आहे किंवा बॅटरीच्या टर्मिनलवरच जोड खराब आहे. दिवे जवळजवळ तसेच राहिले, तर बॅटरी ठीक आहे आणि सेल्फच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. तिसरं कारण, धरून ठेवणारी गुंडाळी तुटलेली असणं. त्यात दिवे प्रत्येक टकेसोबत लचकतात आणि बॅटरी मात्र मोजल्यावर सशक्त निघते.

हे करण्याआधी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना ठोकळे. जुन्या ट्रकवर न्यूट्रलची सुरक्षा असेलच असं नाही.

तांब्याची_तार
वरच्या तपासणीसोबत हे आकडेही द्या:

किल्ली बंद असताना प्रत्येक बॅटरीचं वेगळं व्होल्टेज. रात्रभर चार्जिंग झालं असेल तर आधी हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा, नाहीतर वरवरचं व्होल्टेज दिसून फसगत होते. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. पाण्याची बॅटरी असेल आणि हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक खान्याची घनता बघा. भरलेली असेल तर १.२६० च्या वर, आणि सहाही खाने एकमेकांजवळ हवेत. एकच खाना बाकीच्यांहून ०.०५० ने खाली असेल तर तो खाना गेला.

दोन बॅटऱ्या एकत्र २५.२ दाखवतात यावर समाधान मानू नका. एक १२.९ आणि दुसरी १२.३ असली तरी बेरीज तीच येते. तुम्ही एका बॅटरीवरून रेडिओ जोडलाय, म्हणून मुद्दाम सांगतोय.

रानवाट
मोजलं. चेसिसकडची, म्हणजे जिचा निगेटिव्ह चेसिसला आहे ती बॅटरी १२.४. दुसरी १२.७. हेडलाइट कट-कट होताना किंचितच हलतात, मंद होत नाहीत. किल्ली धरून ठेवल्यावर बॅटरीच्या टोकांवर मीटर २४.४ दाखवतो.

पाना_बारा_तेरा
म्हणजे बॅटरी नाही. २४.४ टिकून आहे याचा अर्थ सेल्फ बॅटरीकडून जड करंट घेतच नाहीये. त्याला तो मिळत नाही.

आता वाट मोजायची. इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून पंपावरच्या सॉलिनॉइडची वायर काढून तिच्या टोकाला टेप लावा. मीटर डीसी २० व्होल्टवर.

पहिलं माप पॉझिटिव्ह बाजूचं. लाल सुई दुसऱ्या, म्हणजे चेसिसला न जोडलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या खुंटीवर. क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच, कारण क्लॅम्प आणि खुंटीमधला जोडही आपल्याला तपासायचा आहे. काळी सुई सेल्फवर जिथे जाड केबल येते त्या स्टडवर. किल्ली फिरवा आणि वाचा. जो आकडा दिसेल तितके व्होल्ट त्या वाटेत वाया जातात. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं.

दुसरं माप अर्थचं. काळी सुई चेसिसच्या बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल सुई सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून. इथेही अर्धा व्होल्ट ही कमाल मर्यादा, चांगल्या जोडावर ०.२ च्या आसपास येतं.

तिसरं, जे बहुतेक लोक विसरतात: दोन बॅटऱ्यांना जोडणारी मधली केबल. एका बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून दुसरीच्या निगेटिव्ह खुंटीपर्यंत.

किल्ली फिरवलेली असतानाच वाचायचं. नुसत्या शांत गाडीवर सगळीकडे शून्य येईल आणि सगळं ठीक वाटेल. करंट वाहत नसेल तर खराब जोडसुद्धा व्होल्ट खात नाही.

धुराडं
एक सोपा प्रयोग त्याआधी करता येतो. जाड जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या उचलायच्या कडीला, उघड्या लोखंडावर लावायचं. बॅटरीकडचं टोक आधी, इंजिनचं नंतर. मग सेल्फ मारा. इंजिन फिरलं तर अर्थ सापडला.

मेनस्विच
त्यापेक्षा सेल्फच्या दोन जाड स्टडवर स्क्रूड्रायव्हर टाकला की लगेच कळतं मोटर चांगली आहे का.

सेल्फवाला
कृपा करून हे कुणी करू नका. दोन जाड स्टड जोडले की मोटर फिरते, पण पिनियन (इंजिनाला फिरवणारं छोटं दातेरी चाक) पुढे सरकत नाही, कारण सॉलिनॉइडचा दांडा ओढलेलाच नसतो. म्हणजे इंजिन फिरणार की नाही हे कळतच नाही. शिवाय शेकडो अँपिअर स्क्रूड्रायव्हरच्या टोकातून जातात. टोक वितळून स्टडला चिकटलं तर ते सोडवेपर्यंत केबल पेटू शकते. आणि रानवाट यांच्या बाबतीत त्यातून काहीही हाती लागणार नाही, कारण अर्थ खराब असेल तर स्क्रूड्रायव्हर टाकूनही मोटर ढिम्म राहील आणि चांगला सेल्फ उगाच दुरुस्तीला जाईल.

सेल्फ किल्लीशिवाय चालवून बघायचाच असेल तर जाड स्टडपासून बारीक ५० नंबरच्या टर्मिनलला ४ चौरस मिलिमीटरच्या वायरने, मध्ये दाबायचा स्विच घालून वीज द्या. तीच किल्लीची वाट आहे. त्यात सॉलिनॉइड, पिनियन, मोटर सगळं आपापल्या क्रमाने चालतं. गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री केल्याशिवाय मात्र हेही नको. किल्ली बंद असली तरी सेल्फ गिअरमधला ट्रक पुढे ढकलतो.

रानवाट
मापं अशी. पॉझिटिव्ह बाजू ०.२. मधली केबल ०.१. अर्थ बाजूला मीटरचे आकडे नाचतात, ४ पासून १६-१७ पर्यंत. जंप केबल इंजिनला लावल्यावर इंजिन फिरलं, चांगल्या वेगाने.

अजून एक दिसलं. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचं प्लास्टिकचं आवरण इंजिनजवळ एका जागी मऊ आणि चिकट झालंय. आधी असं नव्हतं.

पाना_बारा_तेरा
तो चिकटपणा म्हणजे पुरावाच आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, त्यामुळे चेसिसशी त्यांचं विजेचं नातं फक्त त्या एका पट्टीतून. पट्टी निकामी झाली की सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो: अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, गिअरची दांडी, डिझेलच्या लोखंडी नळ्या. बोटाएवढ्या केबलचं काम सुतळीएवढ्या तारेवर येतं आणि ती तापते. केबल आतून ताठ झाली असेल. पायडल सोडल्यावर इंजिन रेसमध्येच अडकू शकतं, म्हणून ती केबल बदलाच. डिझेलच्या नळ्यांचे जोडही एकदा हाताने तपासा.

पट्टी काढून बघा. माझा अंदाज, तिच्या खाली नवा रंग आहे.

रानवाट
होय. चेसिसच्या बाजूला लगच्या (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली पूर्ण रंग. वीज फक्त बोल्टच्या आट्यांमधून जात होती. इंजिनच्या बाजूला लग ठीक, पण तांब्याच्या विणीवर हिरवी बुरशी आहे आणि लगच्या तोंडाशी काही तारा तुटल्यात.

तांब्याची_तार
मग जुनी पट्टी परत लावू नका. हिरवं झालेलं तांबं वरून घासून उजळतं, पण विणीच्या आत गंज तसाच राहतो. नवी घ्या, निदान ५० चौरस मिलिमीटर, ७० मिळाली तर उत्तम. बॅटरीच्या मुख्य केबलइतकीच जाड असायला हवी, कारण जितका करंट तिकडून जातो तितकाच इकडून परत येतो. लोक लाल केबल मनगटाएवढी घालतात आणि अर्थला बारीक पट्टी लावतात, ते चुकीचं आहे.

बसवायची पद्धत: चेसिसवर लगच्या आकारापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, प्रायमरसुद्धा राहता कामा नये. लग थेट लोखंडावर, त्यावर साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. लग आणि लोखंडाच्या मध्ये काहीही घालू नका. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग फासा, म्हणजे पाणी शिरणार नाही. पट्टीला थोडी ढील ठेवा. इंजिन माउंटिंगवर हलतं आणि ताणलेली पट्टी लगच्या तोंडाशीच तुटते, तुमची तशीच तुटली आहे.

नव्या केबलचे लगही एकदा ओढून पाहा. पंचिंग करताना (लग तारांवर दाबून बसवताना) इन्सुलेशन लगच्या आत गेलेलं असलं तर बाहेरून जोड छान दिसतो आणि आत निम्म्या तारा प्लास्टिकला टेकलेल्या असतात. तुमचं पॉझिटिव्हचं माप ०.२ आलंय, म्हणजे ते ठीक आहे. अर्थकडचं माप पट्टी बदलल्यावर परत घ्या.

रानवाट
नवी ७० ची पट्टी लावली. अर्थ बाजू आता ०.१५. अ‍ॅक्सिलरेटर केबल बदलली. सेल्फ जोरात फिरवतो, त्या वेळी बॅटरीवर २१.६ व्होल्ट.

पण इंजिन पेट घेत नाही. सायलेन्सरमधून धूरही नाही. पंपावरच्या सॉलिनॉइडची वायर परत लावलीय आणि किल्ली चालू केली की तो 'टक' वाजतो, म्हणजे तो चांगला आहे. आता नोझलचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचे) नट सैल करून नळ्यांतली एअर काढू का?

सेल्फवाला
२१.६ म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही उत्तम. २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना १९ च्या वर राहिलं तरी चालतं.

सलग १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये निदान एक-दोन मिनिटं थांबा. सेल्फ हा काही क्षणांसाठी बनवलेला आहे, सतत चालवला तर आर्मेचरचे (मोटरच्या फिरत्या भागाचे) जोड तापून सुटतात.

धुराडं
नोझलला हात लावू नका अजून. सेल्फवर फिरणाऱ्या डिझेल इंजिनातून पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत जातंय, पेट घेत नाही. धूर अजिबात नसेल तर डिझेलच जात नाही. तुमचं दुसऱ्या प्रकारचं. आणि डिझेलच्या बाजूला काही काम झालेलंच नाही, काम झालंय वायरिंगचं. टाकीत डिझेल आहे आणि फिल्टर, नळ्या कुणी खोलल्या नाहीत, तर एअर येईल कुठून? आधी वीजच बघा.

एक विचारतो: सेल्फ मारून किल्ली सोडता, त्या क्षणी इंजिन एखादा ठोका देतं का? नीट ऐका.

रानवाट
हो! लक्षात आलं नव्हतं. किल्ली सोडताना एकदा 'भक्क' होतं आणि थांबतं.

धुराडं
मग सापडलंच म्हणा. सॉलिनॉइडच्या वायरवर मीटर लावा. किल्ली चालू असताना किती आणि सेल्फ फिरत असताना किती, दोन आकडे द्या.

रानवाट
किल्ली चालू: २४.६. सेल्फ फिरताना: शून्य!

धुराडं
नव्या इग्निशन स्विचवर वायर चुकीच्या टर्मिनलला लागली आहे. स्विचच्या मागे साधारण चार टर्मिनल असतात. बॅटरीकडून कायमची वीज येणारं, त्यावर ३० किंवा बी. इग्निशनचं, १५ किंवा आयजी. सेल्फचं, ५० किंवा एसटी. आणि रेडिओ, वायपर, पंखा वगैरेंसाठी एसीसी, काही स्विचवर ७५.

एसीसीचं टर्मिनल सेल्फ मारताना मुद्दाम तोडलेलं असतं, म्हणजे सगळी बॅटरी सेल्फला मिळावी. १५ नंबर किल्ली चालू असताना आणि सेल्फ मारतानाही जिवंत राहतं. तुमच्या पंपाची वायर एसीसीवर आहे. म्हणून किल्ली चालू केल्यावर 'टक' ऐकू येतो आणि सगळं ठीक वाटतं, पण सेल्फ फिरायला लागताच सॉलिनॉइड बंद होऊन डिझेल अडवतो. किल्ली सोडल्यावर वीज परत येते, इंजिनाचा थोडा वेग शिल्लक असतो, तेवढ्यात एक ठोका बसतो.

स्विचच्या छापील खुणांवर विसंबू नका. काही स्विचवर आयजीची दोन टर्मिनलं असतात आणि त्यातलं दुसरं सेल्फ मारताना बंद होतं. मीटरने किंवा टेस्ट लॅम्पने प्रत्येक टर्मिनल तिन्ही अवस्थांत तपासा आणि जे 'चालू' आणि 'सेल्फ' दोन्हीत जिवंत राहतं, त्यावरच पंपाची वायर लावा. तपासताना ५० नंबरची वायर काढून ठेवा, म्हणजे सेल्फ फिरणार नाही.

खात्री करायची असेल तर १० अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीचा पॉझिटिव्ह थेट पंपाच्या सॉलिनॉइडला द्या आणि सेल्फ मारा. इंजिन सुरू होईल. मात्र ते किल्लीने बंद होणार नाही, ती वायर काढावी लागेल. एक माणूस त्या वायरीपाशी उभा ठेवा.

मेनस्विच
माझं बॅटरीचं निदान चुकलं. दिव्यांची तपासणी लक्षात ठेवतो. एक विचारायचंय, अशा वेळी ढकलून सुरू झाला असता का?

पाना_बारा_तेरा
पंपाची वीज किल्लीच्या 'चालू' जागेवर येत होती, म्हणून ढकलून किंवा ओढून कदाचित झाला असता. पण अर्थ तुटलेला असताना तसं सुरू केलं असतं तर आल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) चार्जिंगचा करंटही त्याच अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून परत गेला असता. आणि एअर ब्रेकच्या गाडीत हवा नसेल तर मागचे स्प्रिंग ब्रेक सुटतच नाहीत, ओढायचा प्रश्नच येत नाही.

तांब्याची_तार
इग्निशन स्विचला हात लावताय तर ५० नंबरची वायरही बघून घ्या. सेल्फचं सॉलिनॉइड ओढताना क्षणभर वीस-तीस अँपिअर घेतं. जुन्या गाडीत ते थेट किल्लीतून जात असेल तर नवा स्विच फार दिवस टिकत नाही, आतले संपर्क जळतात. मग एक दिवस किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज येत नाही. मध्ये रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) टाका: किल्लीची वायर ८६ ला, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीकडून फ्यूज घालून, ८७ वरून सेल्फच्या ५० ला. ३० आणि ८७ ची वायर ४ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

रिले घेताना अंगावर २४ व्होल्ट लिहिलेलं आहे ना हे डोळ्यांनी वाचा. १२ व्होल्टचा रिले सुरुवातीला सुरळीत वाजतो आणि थोड्याच वेळात कॉइल जळते. लिहिलेलं पुसलं असेल तर ८५-८६ मधला रोध मोजा. १२ व्होल्टचा साधारण शंभर ओहमच्या आत दाखवतो, २४ व्होल्टचा तीनशेच्या आसपास.

आणि डॅशबोर्डामागे वीज शोधताना मीटरपेक्षा २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प वापरा. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर २४ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट घेतच नाही. बल्ब जवळजवळ एक अँपिअर मागतो, तेव्हा खराब जोड लगेच उघडा पडतो. पूर्ण उजळला तर वायर खरी.

रानवाट
पंपाची वायर १५ वर घेतली, पहिल्याच फेरीत इंजिन सुरू झालं! सगळ्यांचे मनापासून आभार. सेल्फ आणि बॅटऱ्या दोन्ही वाचल्या.

रिले टाकतोय. पण आता दुसरं दिसतंय. किल्ली चालू केल्यावर चार्जिंगचा दिवा लागत नाही. इंजिन चालू असताना बॅटऱ्यांवर २४.७ च आहे, वाढत नाही. खूप रेस केल्यावर एकदम २७.९ होतं आणि मग टिकतं.

सेल्फवाला
एलईडी. चार्जिंगचा दिवा नुसता दाखवायला नसतो. थांबलेल्या आल्टरनेटरच्या रोटरमध्ये (फिरत्या भागात) चुंबकत्व फारच थोडं उरलेलं असतं. किल्ली चालू केली की त्या दिव्यातून थोडा करंट डी प्लसच्या (आल्टरनेटरवरच्या दिव्याच्या टर्मिनलच्या) वायरने रोटरला जातो आणि आल्टरनेटर जागा होतो. ३ वॅटचा साधा बल्ब २४ व्होल्टवर सव्वाशे मिलिअँपिअर देतो, एलईडी जेमतेम दहा-वीस. तेवढ्यात रोटर जागा होत नाही, म्हणून खूप रेस लागते. शिवाय एलईडी उलटा बसला असेल तर करंट अजिबात जात नाही आणि दिवाही लागत नाही, तुमचं तसंच दिसतंय.

त्या एका जागी २४ व्होल्ट ३ वॅटचा साधा बल्ब परत घाला, बाकीचे एलईडी राहू देत. एलईडीच ठेवायचा असेल तर सरळ बाजूने लावा आणि त्याला समांतर २२० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर लावा. तो चांगला गरम होतो, प्लास्टिकला टेकवू नका.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच बंद करायचा नाही, बॅटरीची केबल काढून 'आल्टरनेटर चालतो का' बघायचं नाही. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात.

पाना_बारा_तेरा
रेडिओचा विषय राहिला आणि तो महत्त्वाचा आहे. पहिल्याच मापात चेसिसकडची, म्हणजे खालची, बॅटरी १२.४ आणि वरची १२.७ होती, रात्रभर चार्ज करूनसुद्धा. रेडिओ फक्त खालच्या बॅटरीतून वीज घेतो, पण आल्टरनेटर दोघींना एकत्रच चार्ज करतो आणि सिरीजमध्ये करंट दोघींतून सारखाच जातो. त्यामुळे खालची कधीच पूर्ण भरत नाही आणि वरची गरजेपेक्षा जास्त भरते. एकूण २८ व्होल्टमध्ये खालचीवर १३.२ आणि वरचीवर १४.८ अशी विभागणी होते. वरचीचं पाणी उकळून आटतं, खालचीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. काही महिन्यांत दोन्ही जातात, वेगवेगळ्या कारणांनी.

ती वायर काढा. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा आणि त्याला वीज दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून द्या, पॉझिटिव्ह खुंटीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज घालून. कन्व्हर्टरची वीज किल्लीच्या एसीसीवरून चालू-बंद होऊ द्या, म्हणजे रात्री तो गुपचूप बॅटरी पिणार नाही. त्याआधी खालची बॅटरी सोडवून १२ व्होल्टच्या चार्जरवर एकटीच पूर्ण भरा, दोघी १२.६ च्या वर सारख्या आल्या की मगच जोडा.

धुराडं
बॅटऱ्या परत जोडताना पोलॅरिटी दोनदा बघा. गुंडाळीच्या चुंबकाचा जुना सेल्फ उलट जोडणीवरही त्याच दिशेने फिरतो, कारण आर्मेचर आणि फील्ड (स्थिर गुंडाळी) दोन्ही एकदम उलटतात. त्यामुळे इंजिन फिरलं म्हणजे जोडणी बरोबर असं समजू नका. आल्टरनेटरचे डायोड मात्र जोडताक्षणी शॉर्ट होतात. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडा, आणि जोडण्याआधी केबल आणि खुंटी यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरा. किल्ली आणि सगळे दिवे बंद असताना तो प्रखर पेटला तर जोडू नका.

रानवाट
बल्ब बदलला. किल्लीवर दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. साध्या वेगावर २७.८. निगेटिव्हवर टेस्ट लॅम्प धरला, अंधारात तारसुद्धा लाल झाली नाही. रेडिओची वायर काढली आणि खालची बॅटरी चार्जरवर आहे. कन्व्हर्टरसाठी रेडिओच्या मागे १० अँपिअरचा फ्यूज लिहिलाय, तर २४ च्या बाजूलाही १० चाच घालू का?

तांब्याची_तार
नाही, त्याहून कमी. रेडिओ १२ व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे १२० वॅट, तेवढंच काम २४ वर निम्म्या करंटमध्ये, म्हणजे ५ अँपिअरमध्ये होतं. कन्व्हर्टरची स्वतःची थोडी गळती धरली तर ७.५ घाला. कन्व्हर्टरच्या अंगावर याहून कमी फ्यूज लिहिला असेल तर तोच. १२ च्या बाजूला रेडिओचा १० चा फ्यूज आहे तसाच राहू द्या.